दुसरी खुंटी

मागच्या वर्षी बाबांचा आवाज गेला, तेव्हा त्यांच्या जागी कोण बोलणार असा एक प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. घरात म्हणते खरी, पण तो प्रश्न फक्त माझ्या डोक्यात होता. बाकीच्यांसाठी तो सुटलेला होता.

बाबा अमरावतीतल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले तरी त्यांचा एक नेम सुटला नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, कुठल्या ना कुठल्या शाळेच्या मैदानावर ते सूर्यमाला मांडतात. जानेवारीच का, तर त्याच दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. स्वेटर घालून, हात बगलेत धरून उन्हाला बसलेल्या पोरांना ते विचारायचे, "सांगा, आज सूर्य जवळ आहे की लांब?" सगळी पोरं ओरडायची, "लांब!" आमच्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं, त्यामुळे सूर्य उन्हाळ्यात जवळ येतो याबद्दल वऱ्हाडातल्या कुठल्याच पोराला शंका नसते. मग बाबा नुसते हसायचे आणि म्हणायचे, "चला, मोजून पाहू." त्या एका हसण्यावर पुढचे दोन तास पोरं हलायची नाहीत.

मांडणीची पद्धत अशी. दोन लाकडी खुंट्या, थोड्या अंतरावर ठोकलेल्या. त्यांच्याभोवती सुती दोराचं सैल कडं. त्या कड्यात एक काठी अडकवायची आणि दोर ताणलेला ठेवून चालत राहायचं. काठी जिथून जाईल तिथे मागून कोणीतरी चुन्याची फक्की टाकत यायचं. फेरी पूर्ण झाली की मैदानावर एक लांबट गोल उमटतो. तीच ग्रहाची कक्षा. मग एका खुंटीच्या जागी सूर्य ठेवायचा, म्हणजे पिवळा रंग दिलेला तेलाचा रिकामा डबा. दुसरी खुंटी उपटून टाकायची. तिच्या जागी काहीच नसतं. बाबा पोरांना सांगायचे की पृथ्वीची खरी कक्षा एवढी लांबट नाही, जवळजवळ गोलच आहे, पण समजायला अशी काढली.

आमच्या काळ्या मातीत हिवाळ्यात भेगा पडतात. खुंटी कितीही ठोकली तरी दोराचा ताण आला की हलते. म्हणून प्रत्येक खुंटीवर कोणीतरी पाय देऊन उभं राहावं लागतं. सूर्याच्या खुंटीवर बाबा. दुसरीवर मी. सहावीत असल्यापासून मी. ते काम मला फार आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे आणि तरी माझ्याशिवाय ते होत नसे.

बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची नुसती हवा उरली. कानाजवळ गेलं तर ऐकू येतं, पण मैदानावर त्याचा काही उपयोग नाही. डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हणून बजावलं होतं. त्या वर्षी अकोल्याच्या एका शाळेनं त्यांना आधीच बोलावून ठेवलं होतं आणि बाबांनी नाही म्हणून कळवलं नव्हतं. म्हणजे त्यांच्या जागी कोणीतरी बोलायचं होतं.

मला वाटलं होतं, ती मी असेन.

असं वाटायला कारण होतं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. घरी बसून एका ऑनलाइन क्लासचं काम करते. देशभरातली पोरं प्रश्न टाकतात, मी उत्तरं टाइप करते. इंग्रजीत. ग्रहांच्या गतीवरचे प्रश्न तर मी डोळे मिटून सोडवते. कोणी माझा आवाज ऐकत नाही, चेहरा पाहत नाही, आणि हे मला मानवतं. पण बाबांचा खेळ वेगळा. तो मी इतक्या वेळा पाहिला होता की कुठल्या वाक्यानंतर ते चष्मा काढतात हेसुद्धा मला पाठ होतं.

आणि मग वहिनी होती.

वहिनी तेल्हाऱ्याकडची. लग्न होऊन तेव्हा दहाएक महिने झाले होते. दादा सकाळी कामाला जातो तो रात्रीच येतो, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही चौघंच. वहिनी शाळा मराठीत शिकली, पुढे बी.एस्सी. झाली, दोन वर्षं तिकडच्या शाळेत शिकवलं. ती मोठ्यानं बोलते, मोठ्यानं हसते, आणि बाबांना मामाजी म्हणते. आईला पहिल्या महिन्यात तिचा आवाज जरा जास्त वाटायचा. दुसऱ्या महिन्यात ती माहेरी गेली तर आईच म्हणाली, "घर कसं मुकं झालं." मी तिथेच बसले होते.

डिसेंबरातली एक दुपार मला नीट आठवते. अंगणात गोणपाटावर तुरीच्या शेंगांचा ढीग होता. बाबा आणि वहिनी सोले, म्हणजे हिरवे दाणे, काढत होते. मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर एका मुलाला कक्षेचं गणित समजावत होते. खिडकी उघडी होती.

वहिनी म्हणाली, "मामाजी, ते उपसूर्य आन् अपसूर्य माया नेहमी गडबड होते. जवळचा कोणता?"

बाबांनी कुजबुजत काहीतरी सांगितलं.

"हां! उप म्हणजे जवळ. उपनगर असते तसं. आत्ता गेलं डोक्यात." मग हसून म्हणाली, "शाळेत सरांनी छडी मारून शिकवलं होतं, तरी नाही गेलं. तुमी शेंगा देऊन शिकवलं."

बाबा हसले. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसतो, खांदे हलतात. खिडकीतून मला खांदे दिसले.

मला ते शब्द माहीत नव्हते, मैदानावर बाबा पोरांना नुसतं जवळ आणि लांब म्हणायचे. उपसूर्य आणि अपसूर्य. मला पेरिहेलियन माहीत होतं, अ‍ॅफेलियन माहीत होतं, त्यांची सूत्रं माहीत होती. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या पोरांना मराठीत आकाश शिकवलं आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. माझं भलं व्हावं म्हणूनच. घरी अभ्यास घेताना ते माझ्याशी पुस्तकातलं इंग्रजी बोलायचे, थोडं अडखळत, शब्द जपून ठेवत. त्यामुळे बाबांचं विज्ञान मला नेहमी जरा परक्या घरी पाहुणा म्हणून आल्यासारखं भेटलं. त्यांच्या वर्गात ते कसे बोलायचे ते मी फक्त जानेवारीत, खुंटीवर उभी राहून ऐकायचे. आणि ही दहा महिन्यांपूर्वी आलेली बाई त्यांच्याशी त्याच भाषेत बोलत होती, शेंगा सोलता सोलता, जणू जन्मापासून तिथेच बसली आहे. मला ते बेटा म्हणतात. तिला पोरी म्हणतात. पोरी या शब्दात काय आहे ते मला सांगता येणार नाही, पण तो मला हवा होता.

त्या मुलाच्या उत्तरात मी एक चिन्ह चुकवलं. त्यानं लगेच दाखवूनही दिलं.

दोन दिवसांनी बाबांनी मला जवळ बोलावलं. मी कान पुढे केला. ते इंग्रजीत कुजबुजले. म्हणाले, अकोल्याला वहिनी बोलेल, तुला चारचौघांत बोलायला आवडत नाही, तुला त्रास द्यायचा नाही मला. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "यू टेक केअर ऑफ द सेकंड पेग."

मी म्हणाले, "ओके."

त्यांनी माझ्यावर अन्याय केला असता तर मला रागावता आलं असतं. त्यांनी माझी काळजी घेतली होती. त्या काळजीशी भांडायला मला शब्द सापडेनात, ना या भाषेत, ना त्या.

मग गच्चीवर तालमी सुरू झाल्या. पाण्याच्या टाकीच्या बाजूला बाबांनी खडूनं छोटी कक्षा काढली. वहिनी त्यावरून चालायची आणि बोलायची. मी वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्तानं वर जायचे. एका दिवशी मी तेच दोन टॉवेल तीनदा घडी केले.

ती चांगलं बोलायची, हेच तर दुखणं होतं. सूर्याच्या जवळ ग्रहाचा वेग वाढतो, दूर गेल्यावर कमी होतो, हे मी टाइप करताना तीन ओळी लागतात. वहिनी म्हणाली, "सूर्याकडं येनं म्हणजे उतारावरची सायकल. पायडल न मारता पळते. आन् तिकडं दूर जानं म्हणजे चढ. हळूहळू दम लागते. पण सायकल थांबत नाही, कावून का वर पोचता पोचता पुन्हा उतार लागते." बाबांनी टाळी वाजवली. ती टाळी कोरडी, लहानशी होती. मी टॉवेल घेऊन खाली गेले.

बाबांच्या खेळाचा शेवट मात्र गोफणीनं होतो. गोफण म्हणजे विणलेल्या दोरीची, मधे दगड ठेवायला खोलगट जागा असलेली. तिकडे शेतात पाखरं हाकलायला वापरायचे. बाबा त्यात चिंध्यांचा चेंडू ठेवून डोक्यावर गरगर फिरवायचे आणि विचारायचे, "दोरी म्हणजे सूर्याची ओढ, चेंडू म्हणजे पृथ्वी. सूर्य एकाएकी नाहीसा झाला तर पृथ्वी कुठे जाईल?" हे गच्चीवर करता येण्यासारखं नव्हतं, शेजारच्यांच्या काचा होत्या. बाबांनी कागदावर काढून दाखवायला घेतलं तर वहिनी म्हणाली, "गोफण मले नका शिकवू, मामाजी. मी गोफणीतच वाढली. आमच्या ज्वारीवर बसलेलं पाखरू मी बांधावरून उडवो." बाबांनी कागद ठेवून दिला. त्यांना तिचा भरवसा वाटला. मलाही वाटला. तिला ते येत असणारच, याचाही मला हेवाच वाटला. लहानपणी बाबांनी मला गोफण धरायला शिकवली होती, पण माझा चेंडू नेहमी माझ्याच पाठीत बसायचा.

अकोल्याला आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. डबा, दोर, खुंट्या, गोफण असं सगळं एका पिशवीत. बाबांना खिडकी दिली. त्यांच्या शेजारी वहिनी बसली, म्हणजे ते काही कुजबुजले तर तिला ऐकू यावं म्हणून. ते बरोबरच होतं. मी मागच्या सीटवर एका आजीबाईंच्या शेजारी बसले. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून ओल्या हरभऱ्याचे डहाळे बाहेर आले होते आणि मूर्तिजापूरपर्यंत मला टोचत होते. समोरच्या सीटवर दोन डोकी एकमेकांकडे झुकत होती, लांब होत होती, पुन्हा झुकत होती.

शाळेचं मैदान काळ्या मातीचं, कोपऱ्यात एक कडुलिंब, आणि मैदानाच्या मधून पाहिलं तर त्याच्याशी काटकोनात पाण्याचे नळ. नळांच्या अलीकडे पाहुण्यांसाठी टेबल मांडलेलं, त्यावर पांढरी चादर, चहाचे कप आणि स्टीलचा जग. मुख्याध्यापिका बाई आल्या आणि वहिनीकडे पाहून बाबांना म्हणाल्या, "सर, ही तुमची मुलगी ना? तुमच्यासारखीच दिसते."

वहिनी खळखळून हसली. "मी सून. मुलगी ह्या," म्हणून तिनं मला पुढे ढकललं. बाईंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि बोलणं वहिनीशीच पुढे चालू ठेवलं.

खुंट्या ठोकल्या. सूर्याच्या खुंटीवर बाबांच्या जागी वहिनी उभी राहिली, बाबा तिच्या शेजारी खुर्चीत. दुसरीवर मी. एक शिक्षक काठी धरून फिरले, दोन मुली फक्की टाकत गेल्या. भेगाळलेल्या मातीत खुंटी पायाखाली कुरकुरत होती. कक्षा पूर्ण झाली. डबा ठेवला. वहिनीनं डब्याशेजारी मोहरीचा एक दाणा बोटावर धरून वर केला आणि म्हणाली, "हा सूर्य, तं ही आपली पृथ्वी. दिसते का?"

"नाही!"

"ह्याच्यात तुमी, मी, हे अकोला, तुमच्या बाई, सगळे." पोरं हसली. "आन् हा दाना मैदानाच्या त्या टोकाले नेला तरी हा डबा त्याले सोडत नाही. मधात दोरी नाही, तार नाही, काही नाही. तरी धरून ठेवते. हे जे धरनं हाय, त्याले गुरुत्वाकर्षण म्हणतात."

मी खुंटीवर पाय तसाच ठेवून उभी होते. काम झालं होतं, खुंटी उपटायची होती. पण मी उपटली नाही. ती उपटली की मला तिथे उभं राहायला काही कारण उरत नव्हतं.

सायकल झाली. "जवळ कधी?"ला पोरांनी अर्थातच "उन्हाळ्यात!" म्हणून आरोळी दिली, आणि वहिनी बाबांसारखीच आधी नुसती हसली. ती त्यांची जागा होती. तिनं ती न मागता घेतली आणि तिला ती शोभली.

मग तिनं गोफण काढली. ओढणी कमरेला खोचली, चेंडू ठेवला. "आता सांगा. चेंडू त्या लिंबाकडं गेला का मी दोरी सोडते. तं चेंडू कोणीकडं जाईन?"

"लिंबाकडं!"

"मंग जा, झेला!" ती म्हणाली. पोरं लिंबाखाली पळाली, हात वर करून उभी राहिली. बाबा खुर्चीत सरसावून बसले. मला वाटलं, तिला ठाऊक आहे, पोरांना फसवायलाच तिकडे पाठवते आहे. बाबा तसंच करायचे. पण मग ती पुढे बोलली. "पाहा, माया हाताले कशी ओढ लागून रायली. चेंडू बाहेर पळाले पायते. सूर्य आत ओढते, ग्रह बाहेर ओढते, दोन्ही ओढी सारख्या, म्हणून तं तो मधातच फिरते. सोडला का गेला बाहेर!"

मी ते ऐकलं. हजारो पोरं मला हेच लिहून पाठवतात. हे चूक आहे. आणि मला कळलं की ती फसवत नव्हती, तिला तसंच वाटत होतं. वाटणारच. ज्यानं गोफण फिरवली त्याच्या हाताला बाहेरची ओढ लागते, ती खोटी कशी म्हणायची? शेतात तिची नजर पाखरावर असायची, दगड सुटताना कुठे होता याकडे कोण पाहतं? न फिरवणारा माणूस ही चूक करणार नाही. माझ्या अंगातून एक गरम, गोड लाट गेली. खोटं कशाला बोलू. मला आनंद झाला.

तिनं चेंडू लिंबाच्या रेषेत आल्यावर अगदी बरोबर सोडला. तो लिंबाकडे गेला नाही. काटकोनात, थेट नळांच्या दिशेनं गेला, आणि टेबलावरच्या स्टीलच्या जगावर आदळला. जग आडवा झाला. मुख्याध्यापिका बाईंच्या चहात पाणी गेलं.

मैदानभर हशा पिकला. वहिनीही हसली, जीभ चावून. पण लिंबाखालून एक मुलगी पुढे आली. सातवी-आठवीतली, कानटोपी घातलेली. ती हसत नव्हती.

"मॅडम, बाहेर ओढ होती ना? मंग बाहेर कावून नाही गेला?"

वहिनी म्हणाली, "जरा हात हुकला असंन."

"नाही हुकला. मी पाहून रायली होती. लिंबाकडंच सोडला तुमी."

वहिनीनं वळून बाबांकडे पाहिलं. बाबा उठले, काहीतरी बोलले. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. कोणालाच काही ऐकू आलं नाही. पोरं शांत झाली, आणि त्या शांततेतसुद्धा ऐकू आलं नाही. पहिल्यांदाच त्या पोरांना समजलं असावं की हे सर बोलत का नाहीत. वहिनी धावत त्यांच्याजवळ गेली, कान लावला. पण ते तिच्याकडे बघत नव्हते. ते मैदान ओलांडून माझ्याकडे बघत होते.

त्या नजरेची मी महिनाभर वाट पाहिली होती. खुंटी सोडून मी त्या मुलीपर्यंत कशी गेले ते आठवत नाही. तिथे गेल्यावर कळलं की माझ्याकडे शब्दच नाहीत. इंग्रजीत सगळं तयार होतं, पण त्याचा इथे काय उपयोग? मराठीत काय म्हणतात त्याला? मी त्या मुलीला म्हणाले, "फुगडी येते?"

"हो."

"एका हाताची खेळू. मी जागेवर. तू फिर."

तिनं माझा हात धरला आणि माझ्याभोवती पळू लागली. मी टाचेवर फिरत राहिले. सगळी शाळा बघत होती. माझी वेणी सुटली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मी ओरडले, मला माझा आवाज एवढा मोठा कधी ऐकू आला नव्हता. "तुला कोण ओढतंय?"

"तुमी!"

"कुठे?"

"तुमच्याकडं!"

"बाहेर कोणी ओढतंय?"

ती पळता पळता विचार करू लागली. तो विचार तिच्या कपाळावर दिसत होता. "कोनीच नाही! बाहेर तं कोनीच नाही!"

"आता सोडू?"

"सोडा!"

मी हात सोडला. ती माझ्यापासून सरळ लांब गेली नाही. ज्या दिशेनं धावत होती त्याच दिशेनं चार पावलं गेली आणि मातीत बसली. कानटोपी उडाली. ती बसल्या बसल्या ओरडली, "नाक जिकडं होतं तिकडंच गेली मी!"

"तसंच," मी म्हणाले. मला धाप लागली होती. "ओढ एकच आहे. आतली. ती सारखी वळवत राहते. म्हणून फिरणं. ती नसेल तर... नाक जिकडे, तिकडे सरळ. आणि हाताला बाहेर ओढ लागते ना, ती फिरवणाऱ्याच्या हाताला. चेंडूला नाही."

मग सगळ्याच पोरींना फुगडी हवी झाली. मैदानभर जोड्या फिरू लागल्या, हात सुटू लागले, फक्कीची कक्षा पायांखाली पुसली गेली. वहिनी तिथेच गोफण हातात धरून उभी होती. तिनं एकदा गोफण नुसतीच फिरवून पाहिली, आपल्या हाताकडे बघत. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "एवढी वर्षं हात मले फसवून रायला होता, ताई." तिच्या बोलण्यात काही लागलेलं दिसत नव्हतं. मला दिसावंसं वाटत होतं.

शेवटी बाईंनी आभार मानले. शाल बाबांना, नारळ आणि गुलाबाचं फूल वहिनीला. "आणि ताईंनी पण मुलींना छान खेळवलं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. फुलं संपली होती.

परतीच्या एसटीत गर्दी होती. तिघांची एक सीट मिळाली. बाबा खिडकीला, मधे कोण बसणार यावर मी आणि वहिनी क्षणभर थांबलो. मग मीच बसले. आयुष्यात काही मिळवायला मी एवढी घाई कधी केली नव्हती.

वहिनीनं पिशवी तपासली. "डबा हाय, दोर हाय. एकच खुंटी हाय. दुसरी तिथंच राहिली वाटते."

मला आठवलं. मी ती उपटलीच नव्हती.

बाबा कुजबुजले. आम्ही दोघीही एकदम वाकलो आणि आमची डोकी आपटली. बाबा म्हणाले, नवी करू, एका खुंटीवर नुसता गोलच निघतो. मग म्हणाले, दर्यापूरच्या शाळेनंही बोलावलंय, पुढच्या आठवड्यात. हे सगळं मराठीत. नंतर त्यांनी बोट माझ्याकडे केलं. "गोफण हिची. फुगडीसकट. पोरी, तुला जमेल ना?"

पोरी. मी मान हलवली. बोलले असते तर आवाज फुटला असता, आणि बस भरलेली होती.

वहिनी खिडकीबाहेर बघू लागली. कापसाचं रान मागे पळत होतं, वेचणी झालेलं, अध्येमध्ये बोटभर पांढरा कापूस लटकलेला. बोरगाव मंजू येईपर्यंत ती तशीच बघत होती. मग हळूच, बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाली, "तुमी आन् मामाजी इंग्रजीत बोलता ना, तवा मले वाटे का मायाबद्दलच बोलून रायले. माया पोळ्या कच्च्या राहतात म्हणून."

"आम्ही वायफायबद्दल बोलत असतो," मी म्हणाले. खरंच तसं होतं.

"मले काय माहीत." ती हसली, पण ते तिचं नेहमीचं हसू नव्हतं. मग माझ्यावरून वाकून तिनं बाबांना विचारलं, "गोफण ताईची. मंग मी?"

बाबा काहीतरी सांगू लागले. सायकल तुझीच, मोहरीचा दाणा तुझाच. ते शब्द माझ्या कानावर पडत होते, पण लक्ष तिथे नव्हतं. मी ते "मंग मी?" ऐकत होते. तो आवाज मला ओळखीचा होता. महिनाभर गच्चीवर टॉवेलच्या घड्या घालताना तो माझ्या आत होता, फक्त मी तो कधी तोंडाबाहेर काढला नव्हता. तिनं काढला, भर बसमध्ये, एका वाक्यात. याचाही मला हेवा वाटला.

बाबांचं सांगून झालं. तिला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं, इंजिनचा आवाज फार होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला ते सगळं परत सांगितलं, एकही शब्द न गाळता. सांगायला मला जरा वेळ लागला.